तलफ आजार ठरली तर

वकील : तंबाखूनं आजार होतात, यावर माझा वाद नाही. तोंडाचा कॅन्सर हा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्या तुंबणं हा आजार, विडीनं पोखरलेली फुप्फुसं हाही आजारच. पण तंबाखू खावीशी वाटणं हाच एक स्वतंत्र आजार आहे असं तुम्ही डॉक्टर मंडळी म्हणू लागलात, की माझी गाडी अडते. आजार माणसाला होतो. तंबाखू माणूस खातो. खिशातून पुडी काढतो, डाव्या तळव्यावर घेतो, डबीतला चुना नखानं लावतो, अंगठ्यानं मळतो, वर दोन थापट्या मारून भुकटी उडवतो, शेजारच्याला ‘घेणार का’ म्हणून विचारतो आणि मग चिमूट ओठात धरतो. एवढं साग्रसंगीत करणाऱ्याला टायफॉइडच्या रुग्णाशेजारची खाट कशी देता तुम्ही? मी आयुष्यभर कामगार न्यायालयात कामगारांच्या बाजूनं उभा राहिलो. माणसानं केलेलं कृत्य आणि माणसावर ओढवलेली आपत्ती यांत फरकच केला नाही, तर जबाबदारी कुणावरच ठरत नाही, हे तिथं पक्कं कळलं. ऐन उमेदीत मीही भरपूर तंबाखू खाल्ली आणि सोडली. तेव्हा आपण आजारातून उठलो असं काही मला वाटलं नाही. एक वाईट खोड गेली, इतकंच.

डॉक्टर : त्या साग्रसंगीतातला चुनाच घ्या. तो कशाला लावतात? पानातलं निकोटिन आम्लांशी बांधलेलं असतं, तसंच तोंडात धरलं तर फारसं शोषलं जात नाही. चुन्यानं मिश्रण अल्कधर्मी होतं, निकोटिन सुटं होतं आणि ओठाच्या आतल्या नाजूक अस्तरातून थेट रक्तात उतरतं. गावात कुणी रसायनशास्त्रज्ञ येऊन हे शिकवून गेला नाही. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तलफेनं ते शोधून काढलं. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांनी हेच काम अमोनियाची संयुगं वापरून केलं, आणि तिथं त्याला संशोधन म्हणाले. तुम्ही ज्याला कृती म्हणता, तिच्यात मला डोस तयार करण्याची रीत दिसते. सिगारेटच्या धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, मळलेल्या तंबाखूतलं जरा सावकाश, पण पोचतं तिथंच. ते ज्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, जाऊन चिकटतं, त्यांची संख्याच नियमित खाणाऱ्याच्या मेंदूत वाढलेली असते. रक्तातलं निकोटिन सुमारे दोन तासांत निम्म्यावर येतं. रात्रभर झोपलेला माणूस उठतो तेव्हा ते जवळजवळ संपलेलं असतं. म्हणून आम्ही पहिला प्रश्न विचारतो तो असा : उठल्यावर किती वेळानं पहिली चिमूट लागते? फागरस्ट्रॉम या स्वीडिश संशोधकाच्या प्रश्नावलीतला सर्वांत बोलका प्रश्न हाच. पाच मिनिटांच्या आत, असं उत्तर आलं की पुढचं बरंचसं कळतं. आपल्याकडे तर तंबाखूशिवाय पोटच साफ होत नाही म्हणणारे घरोघरी आहेत, आणि ते खोटं बोलत नाहीत. निकोटिन आतड्यांची हालचाल वाढवतं, ते बंद झालं की काही दिवस बद्धकोष्ठ होतो. चिडचिड, झोप उडणं, मन कशात न लागणं हे सगळं पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि तीन-चार आठवड्यांत उतरतं. याला क्रम आहे, लक्षणं आहेत, मोजमाप आहे, औषध आहे. आणखी काय हवं? जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात हा विकार आहे. दहाव्या आवृत्तीत तो तंबाखूच्या नावावर होता, जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या आवृत्तीत निकोटिनच्या नावावर.

वकील : पुस्तकात आहे म्हणून मानायचं तर पुस्तकाचा इतिहासही उघडायला हवा. १९६४ साली अमेरिकेच्या सर्जन जनरलचा गाजलेला अहवाल आला. धूम्रपानानं फुप्फुसाचा कॅन्सर होतो असं त्यानं ठणकावून सांगितलं, पण ही नुसती सवय आहे, व्यसन नव्हे, असंही सांगितलं. १९८८ साली त्याच पदावरून दुसरा अहवाल आला : निकोटिनची पकड हेरॉइन-कोकेनच्या जातीची आहे. मधल्या चोवीस वर्षांत माणसाचा मेंदू तर बदलला नव्हता. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आपल्या सूचीत तंबाखूचं अवलंबित्व पहिल्यांदा घातलं १९८० साली. याच मंडळींनी समलैंगिकता १९७३ पर्यंत विकार म्हणून ठेवली होती आणि मग काढली. त्या अगोदरच्या दिवशी जे आजारी होते ते दुसऱ्या दिवशी बरे झाले, औषधाचा थेंबही न घेता. आजार ही गोष्ट कधी जंतूंसारखी सापडते, कधी समितीच्या बैठकीत ठरते. तलफ दुसऱ्या जातीतली आहे, एवढं तरी मान्य करा.

डॉक्टर : करते. पण १९६४ च्या ‘नुसती सवय’ला पुढे कुणी कवटाळलं तेही सांगा ना. एप्रिल १९९४ मध्ये अमेरिकेतल्या सात मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख संसदेच्या उपसमितीसमोर ओळीनं बसले, शपथ घेतली आणि निकोटिनचं व्यसन लागत नाही असं आपलं मत असल्याचं एकामागून एक सांगून गेले. त्यांच्याच कपाटांतली कागदपत्रं नंतर बाहेर आली. २००६ साली तिथल्या संघीय न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला, की या कंपन्यांनी निकोटिनचं प्रमाण जाणूनबुजून हाताळलं आणि जनतेला फसवलं. ‘ज्यानं-त्यानं आपल्या मर्जीनं ओढलं’ हा बचाव त्यांच्या वकिलांनी वर्षानुवर्षं चालवला. तुम्ही कामगारांचे वकील. मालकांच्या वकिलाचं वाक्य तुमच्या तोंडी आलं की मला दचकायला होतं.

वकील : लागलं. पण घाई करू नका, मालक दोन्ही टेबलांवर जेवतो. भारतासह अमेरिकेबाहेरच्या जगात मार्लबोरो विकणाऱ्या फिलिप मॉरिस इंटरनॅशनलनं २०२१ साली ब्रिटनमधली व्हेक्ट्युरा ही कंपनी विकत घेतली. व्हेक्ट्युराचा धंदा काय, तर श्वासावाटे घ्यायच्या औषधांचा! डॉक्टरांच्या संघटनांनी बोंब मारली, पुढे कंपनी विकूनही टाकली त्यांनी, पण डाव लक्षात घ्या. तलफ हा आजार ठरला, की त्या आजाराचं औषध विकण्याचा हक्क आजार देणाऱ्यालाच पहिल्यांदा सुचतो. खोड म्हटलं तर कंपनी नामानिराळी राहते, आजार म्हटलं तर तीच दुसऱ्या दारानं दवाखान्यात शिरते. तेव्हा कुणाच्या तोंडी कुठलं वाक्य आहे यावरून निकाल लावू नका. पुरावा बघू. इस्रायलमध्ये रुवेन दार नावाच्या मानसशास्त्रज्ञानं विमानात काम करणाऱ्या, सिगारेट ओढणाऱ्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला. एकदा छोट्या पल्ल्याचं विमान, एकदा लांब पल्ल्याचं. निकोटिन संपलं म्हणून तलफ येत असेल, तर ती तासांच्या हिशेबानं वाढायला हवी. आढळलं वेगळंच. छोट्या प्रवासात विमान उतरायच्या बेताला तलफ जेवढी चढलेली असायची, तेवढीच लांबच्या प्रवासात त्याच्या शेवटी चढायची. छोटा प्रवास जिथं संपायचा, त्या तासाला लांबच्या प्रवासात मात्र ती शांत असायची. म्हणजे तलफ घड्याळाकडे बघत नाही, दार कधी उघडणार तिकडे बघते. आपल्याकडे बघा. रोजे ठेवणारा मुसलमान कामगार पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत तंबाखूला शिवत नाही, आणि महिनाभर कामावर व्यवस्थित असतो. मलेरियाचा ताप रोजा पाळतो का हो?

डॉक्टर : दारांचा अभ्यास मी नाकारत नाही, तो चांगलाच आहे. पण त्यातून निघतं काय? तलफ शिकलेली असते. जागा, वेळ, माणसं, चहाचा ग्लास यांच्याशी बांधलेली असते. जे शिकलं ते मेंदूतच शिकलं ना? २००७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात एक अभ्यास आला. मेंदूला इजा झालेले, पूर्वी सिगारेट ओढणारे रुग्ण त्यात होते. इन्सुला नावाच्या भागाला इजा झालेल्यांपैकी कितीतरी जणांची सिगारेट अशी सुटली, की सोडायला कष्ट पडले नाहीत, पुन्हा ओढावीशी वाटली नाही. तिथं निश्चय नव्हता, माळ नव्हती, बायकोची शपथ नव्हती. एक जागा निकामी झाली आणि इच्छाच गेली. आणि माळेचा विषय निघालाच आहे, तर तुळशीची माळ गळ्यात आणि चंची कमरेला असे वारकरी मी पुष्कळ पाहिलेत. मटण सुटतं, दारू सुटते, तंबाखूपाशी पांडुरंगही थकतो. रोज्याचं म्हणाल तर सूर्य मावळल्यावर पहिल्या पाच मिनिटांत मशिदीबाहेरच्या टपरीवर जाऊन उभे राहा. दिवसभर आवरता येतं म्हणून आजार नाही, असं म्हणता येत नाही. दमेकरीही सभेत खोकला दाबून बसतो.

वकील : मेंदूतली जागा दाखवल्यानं आजार सिद्ध होत नाही. किशोरी आमोणकरांचा भूप ऐकायची माझी ओढही मेंदूतच कुठंतरी असणार, तिथं रक्ताची गुठळी अडकली तर तीही जाईल. मार्क लुईस हे मेंदूवैज्ञानिक आहेत, एकेकाळी स्वतः अमली पदार्थांच्या आहारी गेलेले. २०१५ च्या त्यांच्या पुस्तकात त्यांनी हेच मांडलं, की मेंदू व्यसनात जसा बदलतो तसा तो कुठल्याही तीव्र ओढीत, खोलवर शिकण्यात बदलतो. त्याला रोग म्हणायचं कारण नाही. आता माझा मुख्य मुद्दा. जगात आजवर ज्यांनी तंबाखू सोडली त्यांतल्या बहुतेकांनी ती डॉक्टरविना, औषधाविना सोडली आहे. मी सोडली, माझ्या थोरल्या भावानं सोडली, गिरणीतल्या कित्येकांनी सोडली. कुणी नातीसाठी, कुणी मित्राची मयत बघून. ज्या आजारातून बहुसंख्य लोक मनात आणून बाहेर पडतात, त्याला आजार म्हणून तुम्ही उरलेल्यांच्या मनाचं बळच काढून घेत नाही का? ‘मी काय करणार, मला आजार आहे’, हे वाक्य त्याच्या हाती आयतं मिळतं.

डॉक्टर : सुटलेले तुमच्या आजूबाजूला असतात, गप्पांत भेटतात, अभिमानानं सांगतात. न सुटलेले माझ्याकडे येतात, तेही जबडा उघडेनासा झाला की. कुठल्याही मदतीविना केलेला एखादा प्रयत्न धरला, तर त्यावर सहा महिने-वर्षभर टिकणारे शंभरात तीन ते पाच. बहुतेक लोक आपापले सुटले हे खरं, पण पुन्हापुन्हा पडून सुटले, आणि त्या पडण्याच्या वर्षांत काहींच्या तोंडात पांढरा चट्टा उठला. मनोबळाचं म्हणता, तर शरद पवारांकडे मनोबळ कमी होतं का? २००४ साली तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाल्यावर ते स्वतःच जाहीर सभांत सांगत आले, की ही सवय वेळीच सुटायला हवी होती, कुणी आधी सावध करायला हवं होतं. राज्य चालवणाऱ्या माणसाला जे जमलं नाही, ते बिगाऱ्याला निश्चयाच्या जोरावर जमवायला सांगायचं? आजार म्हटल्यानं बळ जातं, हा तुमचा तर्क. माझा अनुभव उलटा आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं, अनिता अवचटांनी ते उभं केलं. गर्दच्या व्यसनाच्या त्या काळात घरचे लोक पोराला लपवत होते, मारत होते, खोलीत कोंडत होते. व्यसन हा आजार आहे, एवढं एक वाक्य तिथं त्यांना ऐकायला मिळालं आणि आया पोराचा हात धरून आत आल्या. लाज कमी झाली की माणूस दाराशी येतो. दाराशी आल्याशिवाय मी काय करणार?

वकील : गर्दचं मान्य. पण तंबाखूला आपल्याकडे लाज होतीच कधी? ती तर पाहुण्याला पुढे करायची वस्तू. आणि बायकांची मिश्री घ्या. तव्यावर तंबाखू भाजायची, काळी कुळकुळीत भुकटी करायची, दात घासायच्या निमित्तानं बोट फिरवायचं. सकाळी एकदा, मग भांडी झाल्यावर, मग दुपारी ओट्यावर. कोकणात किंवा घाटावर अशा बाईला विचारा, तंबाखू खातेस का? ती ‘शी’ म्हणेल. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. ना ती स्वतःला व्यसनी मानते, ना आजारी. आणि तुम्ही बाहेरून येऊन अख्ख्या ओटीवरच्या बायकांना एका दिवसात रुग्ण करणार.

डॉक्टर : तीच बाई गरोदर असताना मिश्री लावते आणि मूल कमी वजनाचं होतं. ती ‘शी’ म्हणते म्हणून निकोटिन वारेच्या पलीकडे जायचं थांबत नाही. खरं तर तुमचा-माझा हा वाद सिगारेटवर चाललाय आणि तो निम्मा परका आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूर ओढणारे होते ३.८ टक्के, धूर नसलेली तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. आपला प्रश्न मळलेली तंबाखू, मिश्री, मावा, विदर्भातला खर्रा यांचा आहे. धूर दिसतो, वास येतो, शेजारी कुरकुरतो. ओठात धरलेली चिमूट कुणालाच अडत नाही. ती बाई माझ्याकडे आली तर ‘तुझी सवय वाईट’ म्हणून तिला सुनावू, की ‘हे तुझ्या मर्जीवर राहिलेलं नाही, चार आठवडे आपण मिळून काढू’ असं सांगू? दुसरं सांगायचं तर मला निदान लागतं. निदानाशिवाय औषधाची चिठ्ठी नाही.

वकील : त्याच सर्वेक्षणाचा आधीचा आकडाही सांगा. २००९-१० मध्ये राज्यात एकूण ३१.४ टक्के प्रौढ कुठली ना कुठली तंबाखू घेत होते, सात वर्षांनी २६.६. पाचाच्या आसपास अंश उतरले. त्यात तुमच्या चिठ्ठ्यांचा वाटा किती असेल? २०१२ मध्ये राज्यानं गुटख्यावर बंदी घातली. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर सडलेल्या तोंडाचं चित्र आलं. किमती वाढल्या, शाळांतून मोहिमा झाल्या. बंदीला पळवाटही लगेच निघाली. सुपारीची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, दोन्ही शेजारीशेजारी टांगलेल्या, मिसळायचं काम गिऱ्हाइकाचं! तरी एवढं झालं, ते तलफेला आजार ठरवून झालं नाही. तंबाखू विकण्या-दाखवण्याला आळा घातला म्हणून झालं. आणि आळा घालायला उशीर कोणी केला? १६ फेब्रुवारी २०१५ ला माजी गृहमंत्री आर. आर. आबा तोंडाच्या कॅन्सरनं गेले. मार्च संपता-संपता नगरचे खासदार दिलीप गांधी, त्या वेळचे संसदीय समितीचे अध्यक्ष, म्हणाले की तंबाखूनं कॅन्सर होतो असा भारतीय संशोधनाचा पुरावाच नाही. १ एप्रिलपासून येणारी मोठी चित्रं वर्षभर लांबली. ते वर्ष कुठल्या केसपेपरवर मांडणार? तुमच्या निदानात एका माणसाचं नाव, वय, लक्षणं बसतात. समितीचा अध्यक्ष त्यात बसत नाही.

डॉक्टर : मलेरियाचा दाखला मघाशी तुम्हीच दिलात. मलेरिया हा आजार आहे म्हणून कुणी डबकी बुजवायची थांबलं नाही. उलट आजार म्हटल्यामुळेच नगरपालिकेवर डबकं बुजवायची जबाबदारी आली. ताप ही ज्याची-त्याची खोड असती, तर डासांना कोण विचारणार होतं? गडचिरोलीत बंग दांपत्याच्या ‘सर्च’नं २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ चालवलं, त्यात गावोगावच्या समित्या आहेत, बायकांनी खर्रा आणि दारू गावात बंद करणं आहे, आणि ज्याला सोडवत नाही त्याच्यासाठी उपचारही आहेत. तिथं कुणाला दोन्हींतून एक निवडावं लागलं नाही.

वकील : डबकं बुजवलं तर नगरपालिकेचं नुकसान होत नाही, हा फरक आहे. इथं डबक्यावर कर मिळतो. लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवणारं आपलं आयुर्विमा महामंडळ देशातल्या सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीच्या भागधारकांत वरच्या रांगेत आहे. आणि डबक्याकाठी राबणारेही आहेत. निपाणीच्या वखारी, सोलापूर-सिन्नरच्या विड्या वळणाऱ्या बाया. तंबाखूचं पान खुडता-हाताळतानासुद्धा निकोटिन कातडीतून आत जातं, उलट्या होतात, चक्कर येते. तो मात्र सरळसरळ कामामुळे झालेला आजार, आणि त्याची भरपाई मागायला गेलं की कुणाला ऐकूच येत नाही! आता ऊसतोडीवाला घ्या. पहाटे चारला फडात, दुपारची भाकरी कधी मिळेल याचा नेम नाही. निकोटिन भूक मारतं, डोळा उघडा ठेवतं. त्याच्या ओठातली चिमूट म्हणजे मुकादमानं न दिलेली न्याहारी आहे. त्याला तुम्ही निकोटिन अवलंबित्व नाव दिलंत, की मुकादम सुटला, कारखाना सुटला. माझा आक्षेप इथं आहे. आजार आहे की नाही यापेक्षा तो कुणाच्या नावावर चढतो, याचा.

डॉक्टर : हे तुमचं सर्वांत खरं बोलणं. माझ्याकडे त्याचं पुरं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की उद्या त्याला न्याहारी मिळाली, मजुरी दुप्पट झाली, तरी ओठातली चिमूट लगेच सुटणार नाही. ती कशी लागली त्याचं कारण बाहेर होतं, आता ती टिकली आहे ती आतून. बाहेरचं कारण गेल्यावरही जे उरतं, त्याला मी आजार म्हणते. आणि न्यायाचं म्हणाल, तर आजार म्हटल्यानं तुमचाच खटला भक्कम होईल. व्यसन लावणं हीच इजा ठरेल, कॅन्सर होईपर्यंत थांबायची गरज नाही.

वकील : तो प्रयोग झालाय. कॅनडात, क्विबेकच्या कोर्टात २०१५ साली तीन तंबाखू कंपन्यांविरुद्ध निकाल लागला. फिर्यादींचे दोन गट होते. एकात कॅन्सर आणि फुप्फुसांच्या आजारांचे रुग्ण, दुसऱ्यात नुसते निकोटिनच्या आहारी गेलेले लोक. कंपन्या दोन्हींबाबत दोषी ठरल्या. पण ज्याच्या-त्याच्या हातात भरपाई द्यायची ठरली ती पहिल्या गटाला. दुसऱ्या गटातल्या प्रत्येकाला किती आणि कशी इजा झाली हे एकाच मापानं मोजता येत नाही म्हणून न्यायाधीश तिथं थबकले. कंपन्यांना दंड झाला, व्यसनी माणसाच्या हाती वेगळं काही आलं नाही. तुम्ही म्हणता ती जागा कायद्याला दिसते, पण तिथं पाऊल टाकताना त्याचा पाय अडतो. आणि आपल्याकडे? आरोग्य विम्याच्या कागदावरची बारीक अक्षरं वाचा. व्यसन आणि त्यातून उद्भवणारं काहीही, हे वगळलेल्या गोष्टींच्या यादीत अजून भेटतं. तुम्ही आजार म्हणून चिठ्ठी लिहाल आणि विमा कंपनी तीच चिठ्ठी दाखवून उद्या कॅन्सरचा दावा फेटाळेल.

डॉक्टर : म्हणजे मी लिहूच नको? निकोटिनचा पर्याय देणारे गम-पट्ट्या जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये आवश्यक औषधांच्या यादीत घातले, आपल्या राष्ट्रीय यादीत ते २०२२ मध्ये आले. यादीत ते आजारामुळे आले. खोडीसाठी सरकारी दवाखान्यात औषध ठेवत नाहीत. आज दोन मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, पण त्याची स्ट्रिप तंबाखूच्या पुडीच्या कितीतरी पट महाग पडते. विष कोपऱ्यावर स्वस्त आणि उतारा मेडिकलमध्ये महाग, ही उलटी बाजारपेठ सरळ करायची तर सरकारला सांगावंच लागेल, की हा आजार आहे, याचं औषध फुकट द्या. शिवाय बहुतेकांनी पहिली चिमूट घेतली ती शाळकरी वयात, थोरल्यांसाठी पुडी आणायला पाठवलेल्या पोरानं वाटेत चाखून. त्या पोराच्या संमतीवर तुम्ही पन्नाशीतल्या माणसाची जबाबदारी उभी करता.

वकील : त्या पोरावर अन्याय झाला, हे मी कुठंही लिहून द्यायला तयार आहे. पण अन्याय झालेला आणि आजारी, हे दोन वेगळे अर्ज आहेत, दोन वेगळ्या खिडक्यांवरचे. बरं, तुम्हाला माझ्याच अंगणातली एक अडचण देतो. कारखान्यात मनाईच्या जागी तंबाखू मळताना कामगार सापडला. शेजारी मशीन, चुन्याचा हात, पिचकारीची भिंत. आज ते गैरवर्तन आहे. चौकशी होते, मी उभा राहतो, चार-आठ दिवसांच्या निलंबनावर सुटतो, माणूस पुन्हा कामावर येतो. उद्या तुमचं खरं झालं आणि तो आजारी ठरला. मग शिक्षा करता येणार नाही, बरोबर. पण व्यवस्थापन म्हणेल, हा माणूस मशीनवर दोन तास स्वतःला सांभाळू शकत नाही असं डॉक्टरच लिहून देतात. याला वैद्यकीय कारणानं कामास अपात्र ठरवा. खोड म्हटलं तर आठ दिवस घरी, आजार म्हटलं तर कायमचा घरी. सांगा, मी त्याच्यासाठी काय मागू?

डॉक्टर : मी तसं लिहूनच देणार नाही. मी लिहीन : निकोटिन अवलंबित्व, उपचार सुरू आहेत, कामास योग्य. रक्तदाबाच्या माणसाला आम्ही असंच लिहून देतो, त्याला कुणी घरी बसवत नाही.

वकील : रक्तदाबाचा माणूस दुपारी टपरीवर जाऊन रक्तदाब विकत आणत नाही, असं समोरचा वकील म्हणेल.

डॉक्टर : मग तुम्ही विचारा, की ती टपरी कारखान्याच्या फाटकाला लागून कशी काय उभी आहे.

वकील : विचारीन. न्यायाधीश म्हणतील, टपरी या खटल्यात पक्षकार नाही. आणि मग तुमचं सर्टिफिकेट हातात घेऊन ते मलाच विचारतील, की हा माणूस तिथं गेला तो पायांनी गेला, की आजारानं गेला. पिंजऱ्यात तुम्हाला बोलावलं, तर तुम्ही काय सांगाल?

डॉक्टर : सकाळी पहिली चिमूट घ्यायला गेला तो आजारानं. दुपारी चहाबरोबर मित्रांसोबत गेला, त्याचं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

वकील : आणि तो सापडला आहे दुपारी.